वाचकांचे प्रश्न : नमुने ७१, जनुके ४०८८

प्रश्न : बॅसिलस सब्टिलिस या जिवाणूच्या रायबोफ्लेविन (ब-२ जीवनसत्त्व) उत्पादनाचा खुला डेटा सरावासाठी घेतला आहे. नमुने ७१, जनुके ४०८८. उत्पादनाशी सर्वाधिक सहसंबंध असलेली २० जनुके निवडून रिग्रेशन (जनुकांवरून उत्पादनाचा अंदाज बांधणारे समीकरण) केले, की दहा भागांच्या क्रॉस-व्हॅलिडेशनमध्ये (नऊ भागांवर शिकवायचे, उरलेल्यावर तपासायचे, अशा दहा फेऱ्या) अंदाज झकास येतो. मात्र काही नमुने सुरुवातीलाच बाजूला काढून तपासले तर तो कोसळतो. लॅसो (बिनकामाची जनुके आपोआप गाळणारे रिग्रेशन) वापरला तर दर वेळी यादी निराळी. महत्त्वाची जनुके ठरवायची कशी?

उत्तर : गोम क्रमात आहे. २० जनुके निवडताना तुम्ही सगळे नमुने पाहिलेत आणि मग त्यांचेच दहा भाग पाडलेत. म्हणजे परीक्षेआधीच पेपर फुटला. उत्पादनाचे आकडे पत्त्यांसारखे पिसून हीच कृती पुन्हा करून पाहा. खरा संबंध उरलेला नसतानाही ०.०५ च्या पी-व्हॅल्यूला (संबंध नसताना निव्वळ योगायोगाने असा निकाल येण्याची शक्यता) सरासरी दोनशे जनुके ‘महत्त्वाची’ निघतील, कारण ४०८८ चे पाच टक्के तेवढेच होतात. म्हणून निवड प्रत्येक फेरीच्या आत, शिकवायच्या नऊ भागांवरच करायची.

साधे रिग्रेशन इथे मुळातच लंगडे. ७१ नमुन्यांवर ७० जनुके बसवली की चूक शून्य होते, मग ती जनुके कोणतीही असोत.

लॅसो (तिबशिरानी, १९९६) सहगुणकांवर, म्हणजे समीकरणातल्या प्रत्येक जनुकाच्या वजनावर, दंड लावतो आणि बरेच सहगुणक थेट शून्यावर आणतो. त्याआधी सगळी चले एका मापावर हवीत. आर या संगणकभाषेतले जीएलएमनेट पॅकेज हे स्वतःच करते. पायथनचे सायकिट-लर्न करत नाही, तिथे चले एका मापावर आणणारा स्टँडर्ड-स्केलर पाइपलाइनमध्ये घालावा लागतो.

यादी बदलण्याचे एक कारण किरकोळ आहे : भाग यदृच्छेने पडतात, त्यामुळे लॅम्डा, म्हणजे दंडाची तीव्रता ठरवणारा आकडा, हलतो. क्रॉस-व्हॅलिडेशन वीस-तीस वेळा करून प्रत्येक लॅम्डाला अंदाज किती चुकतो ते दाखवणाऱ्या आलेखांची सरासरी घ्या. दुसरे कारण खोल आहे. एकाच ऑपेरॉनमधल्या (एकत्र चालू-बंद होणाऱ्या शेजारच्या जनुकांच्या गटातल्या) जनुकांची पातळी बरोबरीने वर-खाली होते. रायबोफ्लेविन बनवणारी या जिवाणूची जनुके तशीच शेजारी शेजारी आहेत. अशा जुळ्यांतून लॅसो एकाला उचलतो आणि बाकीच्यांना सोडतो. चार नमुने बदलले की निवडही बदलते. लॅसोच्या दंडात दुसऱ्या प्रकारचा दंड मिसळणारा इलॅस्टिक नेट (झोऊ आणि हेस्टी, २००५) अशांना गटाने ठेवतो. जीएलएमनेटमध्ये अल्फा, म्हणजे या मिश्रणाचे प्रमाण, ०.५ पासून सुरू करा. सायकिट-लर्नमध्ये मात्र अल्फा म्हणजे दंडाची तीव्रता आणि मिश्रणाचे प्रमाण एल१-रेशोमध्ये. या नावांच्या घोळात भलेभले फसतात.

आता मूळ प्रश्न. एका यादीवर विसंबू नका. यदृच्छेने ३५ नमुने घ्या, लॅसोचा दंड हळूहळू सैल करत नेताना सर्वांत आधी येणारी २० जनुके नोंदवा, असे १०० वेळा करा. ८० किंवा अधिक वेळा आलेली तेवढी ठेवा. ही मेन्सहाउझेन आणि ब्यूलमान यांची २०१० ची स्टॅबिलिटी सिलेक्शन पद्धत. त्यांच्या सूत्राने, काही गृहीतके धरून, खोट्या निवडींची अपेक्षित संख्या २० × २० ÷ (०.६ × ४०८८) (इथे ०.६ म्हणजे २ × ०.८ − १), म्हणजे सुमारे ०.१६ च्या वर जात नाही. हाती दोन-तीनच जनुके उरली तर खट्टू होऊ नका. ७१ नमुन्यांत तेवढेच मावते. जुळी जनुके मते वाटून घेतात आणि दोघेही ८० च्या खाली राहतात, तेव्हा गाळलेल्यांचे आपसांतले सहसंबंध जरूर तपासा.

आणि निवडलेली जनुके त्याच डेटावर साध्या रिग्रेशनमध्ये घालून पी-व्हॅल्यू छापू नका. अर्ध्या नमुन्यांवर निवड, उरलेल्या अर्ध्यांवर पी-व्हॅल्यू.