निफाडची थंडी, आठवड्याची फेरी आणि हिवाळी भाजीपाला

प्रश्न : पुढच्या जूनमध्ये पुणे सोडून निफाड तालुक्यातल्या गावी कायमचे राहायला जाणार आहोत. पाच गुंठे काळी जमीन आणि विहीर आहे. तोवर फक्त शनिवार-रविवारीच जाणे होईल. गेल्या डिसेंबरात टोमॅटो-वांगी थंडीने काळी पडली. यंदा काय लावावे?

उत्तर : टोमॅटो, वांगी, मिरची ही उबेची पिके. निफाडला पारा 5 अंशांच्या खाली उतरतो, दव गोठते. तिथे ती तगत नाहीत. लसूण, कोबी, वाटाणा, पालक थंडी सोसतात. पण थंडीपेक्षा तुम्हाला मधले पाच दिवस जास्त नडतील. आठवड्याच्या पाण्यावर निभावणारीच पिके घ्या आणि यंदा दोनच गुंठे लावा.

एका गुंठ्यात लसूण, नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. गोदावरी किंवा भीमा पर्पल या वाणाचे 5 ते 6 किलो बेणे लागेल. गड्ड्याच्या बाहेरच्या जाड पाकळ्याच लावा, आतल्या बारीक स्वयंपाकघरात जाऊ द्या. सपाट वाफ्यात 10 × 7.5 सें.मी. अंतर, टोक वर. काळ्या जमिनीत पाण्याची 8-10 दिवसांची पाळी पुरते. मार्चमध्ये पात पिवळी पडू लागली की पाणी तोडा, पंधरवड्याने काढा, जुड्या बांधून सावलीत टांगा. राहायला याल तेव्हा घरचा लसूण असेल.

कोबीची (गोल्डन एकर) साठ रोपे 45 × 45 सें.मी.वर, पण तीन हप्त्यांत, पंधरा-पंधरा दिवसांनी. एकदम लावलीत तर सगळे गड्डे एकदम तयार होतात. शिवाय आठवडाभर कोरड्या राहिलेल्या तयार गड्ड्याला शनिवारी भरपूर पाणी पाजले की तो तडकतो. तयार गड्डे आधी काढा, मग पाणी द्या.

वाटाण्याचे झाड थंडी सोसते, फूल आणि कोवळी शेंग सोसत नाही. म्हणून वाटाण्याचा अर्केल हा वाण वीस दिवसांच्या अंतराने दोनदा टोका. एक बहर थंडीत सापडला तरी दुसरा हाती लागतो. गाजराला उगवायला 10 ते 15 दिवस लागतात आणि तेवढे दिवस वरचा थर सुकता कामा नये. शेजाऱ्याकडून रोज पाणी शिंपडून घेता येत नसेल तर गाजर यंदा सोडा.

ठिबकच्या टाकीवर विसंबण्याआधी हिशेब करा : हिवाळ्यात गुंठ्याला दिवसाला साधारण 300 लिटर पाणी, म्हणजे हजार लिटरची टाकी तीन दिवसांत रिकामी. उसाच्या पाचटाचे आच्छादन केल्यास थोडी जास्त पुरेल.

आभाळ निरभ्र, वारा पडलेला, अशी रात्र सर्वांत घातक. ओली जमीन दिवसाची ऊब जास्त धरते आणि रात्री सोडते, म्हणून अशा वेळी संध्याकाळी हलके पाणी द्या. तुम्ही नसताना कोवळ्या रोपांवर तारेच्या कमानी रोवून पांढरे क्रॉप कव्हर (पिकावर घालायचे पातळ कापड) टाकून ठेवा. कापड पानांना टेकले तर तिथेच पान करपते. कडा मातीने दाबा.

थंड हवा पाण्यासारखी उताराने वाहते आणि सखल कोपऱ्यात साचते. वरच्या व खालच्या कोपऱ्यात एकेक किमान-कमाल तापमापक टांगून दर शनिवारी आकडे वहीत लिहा. जिथे पारा जास्त उतरेल तिथे रोपवाटिका करू नका, चारा घ्या. विहिरीत जानेवारीत किती परस (पुरुषभर खोलीचे माप) पाणी आहे आणि एप्रिलअखेर किती उरते, तेही दोर सोडून मोजा. पुढच्या वर्षी पाचही गुंठे लावायचे की नाही, ते त्या आकड्यावर ठरवा.