फ्रंट-एंडमध्ये (वेबसाइटच्या दिसणाऱ्या भागात) रोज काहीतरी नवीन येतं; नोकरी सांभाळून अद्ययावत कसं राहायचं?

तुमचा प्रश्न असा आहे: छोट्या कंपनीत एचटीएमएल, सीएसएस आणि रिअ‍ॅक्टचं काम करताना नव्या गोष्टींपैकी काय शिकायचं, काय सोडायचं आणि त्याला किती वेळ द्यायचा. माझं उत्तर: आठवड्याला दीड तास पुरतो, पण त्यातला एक तास ब्राउझरसाठी ठेवा. फ्रेमवर्कसाठी, म्हणजे साइट बांधायच्या तयार सांगाड्यांसाठी, उरलेला अर्धा तास भरपूर झाला. ब्राउझरमध्ये एकदा आलेली गोष्ट सहसा परत काढली जात नाही, त्यामुळे तिथे शिकलेलं दहा वर्षांनीही कामाला येतं. फ्रेमवर्कच्या बाबतीत तसं नसतं. क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप हा वर्षानुवर्षं प्रकल्प सुरू करण्याचा नेहमीचा मार्ग होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिअ‍ॅक्टच्याच टीमने तो नव्या प्रकल्पांसाठी वापरू नका असं जाहीर केलं.

गोंधळ होतो तो ‘आलं’ या बातमीमुळे. एखादी सोय एका ब्राउझरमध्ये येते, मग सगळ्यांत येते, आणि त्यानंतर कधीतरी तुमच्या वापरकर्त्यांच्या फोनवर पोहोचते. या टप्प्यांत किती अंतर असतं ते बघा. सीएसएसचं सबग्रिड (आतले घटक बाहेरच्या ग्रिडच्या रेषांवर बसवणारी सोय) फायरफॉक्समध्ये डिसेंबर २०१९ ला आलं, सफारीत सप्टेंबर २०२२ ला आणि क्रोममध्ये सप्टेंबर २०२३ ला. ‘हॅज’ सिलेक्टरचा (आत काय आहे त्यावरून बाहेरचा घटक निवडणारा) क्रम वेगळा होता: मार्च २०२२ ला सफारी, ऑगस्ट २०२२ ला क्रोम, आणि फायरफॉक्स थेट डिसेंबर २०२३. म्हणून पहिल्या ब्राउझरची तारीख वाचून धावपळ करू नका. लक्षात ठेवायची तारीख शेवटच्या ब्राउझरची.

ती तारीख शोधत बसायची गरज आता नाही. २०२३ पासून ‘बेसलाइन’ नावाची खूण आहे आणि एमडीएन या वेब-तंत्राच्या माहिती-साइटच्या पानांवर ती वरच दिसते. क्रोम, एज, फायरफॉक्स आणि सफारी, या सगळ्यांत सोय आली की ती ‘न्यूली अव्हेलेबल’; त्यानंतर ३० महिने उलटले की ‘वाइडली अव्हेलेबल’. कंटेनर क्वेरी (बाहेरच्या चौकटीच्या मापानुसार स्टाइल बदलणाऱ्या अटी) फेब्रुवारी २०२३ ला पहिल्या पायरीवर आल्या, म्हणून ऑगस्ट २०२५ ला दुसऱ्या पायरीवर गेल्या. ‘वाइडली’ असेल तर बिनधास्त वापरा. ‘न्यूली’ असेल तर नसल्यावर पान कसं दिसेल ते ठरवून मगच वापरा. त्याआधीच्या गोष्टींची फक्त नावं माहीत असली तरी चालतं. पण या खुणेच्या मर्यादा लक्षात असू द्या. सॅमसंग इंटरनेट हा ब्राउझर तिच्या यादीत नाही, आणि स्क्रीन रीडरबरोबर (अंध वापरकर्त्यांना पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) ती सोय नीट चालते की नाही हे ती सांगत नाही. ते स्वतः तपासावं लागतं.

दुसरी अडचण जुन्या आयफोनची. अँड्रॉइडवर क्रोम प्ले स्टोअरमधून अद्ययावत होतो, पण आयफोनवर सफारी आयओएसला बांधलेला असतो. आपल्याकडे आयफोनवरचे बाकीचे ब्राउझरही आतून वेबकिट हे सफारीचंच इंजिन वापरतात, त्यामुळे ‘क्रोम टाकून बघा’ हा सल्ला तिथे उपयोगाचा नाही. आयफोन ७ आयओएस १५ च्या पुढे जात नाही. त्यावर शेवटचं अपडेट घेतलं असेल तर ‘हॅज’ चालतं, कारण ते सफारी १५.४ मधलं आहे. कंटेनर क्वेरी चालत नाहीत, कारण त्यांना १६ लागतो. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या टेलविंड ४ या सीएसएस फ्रेमवर्कला तर किमान सफारी १६.४, क्रोम १११ आणि फायरफॉक्स १२८ लागतात. ग्राहकाचे वापरकर्ते जुन्या फोनवर असतील तर टेलविंड ३ वरच थांबणं हा योग्य निर्णय आहे, त्यात मागासलेपण काही नाही. म्हणून वर्षातून दोनदा तरी प्रत्येक साइटच्या अ‍ॅनालिटिक्समध्ये ब्राउझर आणि आवृत्ती असा तक्ता काढा. ‘नवीन वापरू का?’ या वादाचं उत्तर त्या तक्त्यात असतं.

नवीन सिलेक्टर वापरताना हमखास होणारी एक चूक: स्वल्पविराम देऊन जुना आणि नवा सिलेक्टर एकाच नियमात लिहिणं. ब्राउझरला त्यातला एक समजला नाही तर तो पूर्ण नियम टाकून देतो, म्हणजे जुन्या सिलेक्टरची स्टाइलही जाते. दोन वेगळे नियम लिहा, किंवा नवा भाग ‘सपोर्ट्स’ अटीच्या (ब्राउझरला सोय असेल तरच लागू होणाऱ्या) आत ठेवा. चाचणी तुमच्या नव्या क्रोममध्ये केली तर हे कधीच दिसत नाही.

वाचनासाठी आरएसएस रीडर (ब्लॉगवरच्या नव्या नोंदी एका जागी दाखवणारं साधन) घ्या आणि त्यात मोजकेच स्रोत ठेवा: वेबकिटचा ब्लॉग, क्रोमच्या आवृत्त्यांच्या नोंदी, एमडीएनवरच्या फायरफॉक्सच्या नोंदी, आणि वेब-डॉट-डेव्हवर दर महिन्याला येणारा ‘वेब प्लॅटफॉर्ममध्ये नवीन काय’ हा आढावा. क्रोमची आवृत्ती काही आठवड्यांनी येते, म्हणून रोज बघण्यासारखं काही नसतंच. ‘या वर्षी हे शिकलंच पाहिजे’ छापाचे व्हिडिओ मी सुचवणार नाही. त्यात आवृत्त्यांचे आकडे क्वचितच असतात.

वाचलेलं हाताखालून गेलं पाहिजे. महिन्याला एक सोय निवडा आणि चालू प्रकल्पातली एखादी जावास्क्रिप्ट लायब्ररी तिने काढता येते का ते बघा. डायलॉग एलिमेंटपासून (पानावर उघडणारी छोटी खिडकी) सुरुवात करा, तो मार्च २०२२ पासून सगळीकडे आहे. तो ‘ओपन’ अ‍ॅट्रिब्यूट लावून किंवा ‘शो’ने उघडला तर मागचं पान क्लिक करता येत राहतं आणि बॅकड्रॉप (मागचा पडदा) येत नाही. ‘शो-मोडल’ने उघडला तर तो सगळ्यांच्या वरच्या थरात जातो, मागचं पान निष्क्रिय होतं, एस्केप चालतं आणि झेड-इंडेक्सची (कोण वर, कोण खाली याची) मारामारी संपते. हा फरक दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी करून बघितल्यावर पक्का बसतो.

फ्रेमवर्कच्या अर्ध्या तासात दोनच गोष्टी करा: मोठ्या आवृत्तीचं स्थलांतर मार्गदर्शक वाचा आणि सुरक्षेच्या सूचना बघा. सुरक्षेच्या बाबतीत दोन्हीकडून धोका आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये चॉक आणि डीबगसारख्या घराघरात पोहोचलेल्या एनपीएम (जावास्क्रिप्ट पॅकेजचं भांडार) पॅकेजच्या दूषित आवृत्त्या काही वेळ उपलब्ध होत्या. घाईने अपडेट घेणारे त्यात सापडू शकत होते. उलट डिसेंबर २०२५ मध्ये रिअ‍ॅक्ट सर्व्हर कम्पोनंटमध्ये (सर्व्हरवर चालणाऱ्या भागांमध्ये) दुरून कोड चालवता येईल असा गंभीर दोष निघाला, तिथे थांबणं धोक्याचं होतं, दुरुस्ती १९.०.१, १९.१.२ आणि १९.२.१ मध्ये आली. म्हणून लॉक फाइल (पॅकेजच्या नेमक्या आवृत्त्यांची नोंद) कमिट करा, सर्व्हरवर ‘एनपीएम इन्स्टॉल’ऐवजी ‘एनपीएम सीआय’ चालवा. पीएनपीएम हा पॅकेज मॅनेजर वापरत असाल तर १०.१६ पासून ‘मिनिमम रिलीज एज’ हे, आवृत्ती ठरावीक काळ जुनी होईपर्यंत न घेण्याचं, सेटिंग आहे. ते मिनिटांत असतं, सात दिवसांसाठी १००८०. सुरक्षेची दुरुस्ती आली की तेवढ्या पॅकेजला अपवाद करा.

डिझाइनमधल्या फॅशनवर वेळ घालवू नका, नियम बदलले की मात्र वाचा. ऑक्टोबर २०२३ च्या डब्ल्यूसीएजी २.२ या सुलभतेच्या (अपंग वापरकर्त्यांसाठीच्या) मार्गदर्शक तत्त्वांत एए या मधल्या पातळीला बटणाचा स्पर्शभाग किमान २४ बाय २४ सीएसएस पिक्सेल हवा, काही अपवाद सोडून. १२ मार्च २०२४ पासून गूगलच्या मोजमापात ‘फर्स्ट इनपुट डिले’च्या जागी ‘इंटरॅक्शन टू नेक्स्ट पेंट’ (क्लिकनंतर पान बदललेलं दिसायला लागणारा वेळ) आलं. २०० मिलिसेकंदांच्या आत असलं तर चांगलं. लाइटहाउस हे क्रोममधलं तपासणीचं साधन एरवी फक्त पान उघडतं, क्लिक करत नाही, म्हणून तिथला हिरवा आकडा या बाबतीत काही सिद्ध करत नाही. डेव्हटूल्सच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये सीपीयू चारपट मंद करून स्वतः क्लिक करा.

मराठी साइट बनवत असाल तर आणखी एक काम वाढतं, आणि ते कुठल्याच इंग्रजी आढाव्यात मिळणार नाही. इंग्रजी डिझाइनमधून आलेलं लेटर-स्पेसिंग देवनागरीची शिरोरेषा तोडतं; मराठीसाठी ते शून्य करा. शीर्षकाला १.१ लाइन-हाइट आणि ओव्हरफ्लो हिडन असेल तर ‘र्थी’सारख्या अक्षरांचा रफार आणि वेलांटी कापली जाते, १.३५ पासून सुरू करून बघा. पानाला भाषेचा कोड ‘एमआर’ द्या, म्हणजे सोय असलेल्या फॉन्टमध्ये ल आणि श मराठी वळणाचे येतात. आणि अक्षरमर्यादा जावास्क्रिप्टच्या ‘लेंग्थ’ने मोजू नका. ‘स्त्री’ दिसायला एक अक्षर, पण लेंग्थ सहा येते. ‘इंटल सेगमेंटर’ ही मजकूर अक्षरांत तोडणारी सोय हे काम बरंच नीट करते आणि एप्रिल २०२४ पासून सगळ्या मुख्य ब्राउझरमध्ये आहे; पण जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम युनिकोड १५.१ मध्ये आला, त्यामुळे जुन्या ब्राउझरमध्ये आकडा वेगळा येऊ शकतो. मर्यादा पक्की लावायची असेल तर ती सर्व्हरवर तपासा.