किल्लीला दात किती?

"रडू येत नाही, झोप लागते, घरात भांडणं नाहीत. पण मॅडम, कशाचं काही वाटतच नाही. हे दुखणं म्हणायचं की नुसते लाड?"

समोरचे गृहस्थ 47 वर्षांचे. आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासत आलेले. (ओळख पटू नये म्हणून बाकीचे तपशील बदलले आहेत.) "सगळं असून" अशी सुरुवात होणारी ही तक्रार माझ्याकडे वारंवार येते, आणि सांगणारा माणूस बहुतेक वेळा खजील झालेला असतो. आपण कृतघ्न आहोत असं त्यानं आधीच ठरवून टाकलेलं असतं.

आधी नैराश्य आहे का ते पाहिलं. भूक, थकवा, कामात लक्ष, जगणं नकोसं होतं का, हे सगळं सरळ विचारलं. मन उदास असणं किंवा कशातच रस न उरणं हे सलग 2 आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ चाललं असेल आणि जोडीला बाकीची लक्षणं असतील, तर "छोट्या गोष्टींत आनंद शोधा" म्हणून कुणाची बोळवण करू नये. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवावंच लागतं. यांचं तसं नव्हतं. भाचीचा विषय निघाला की चेहरा उजळत होता, आवडतं गाणं लागलं की बोटं ठेका धरत होती. त्यांना ते स्वतःला कळत नव्हतं, इतकंच.

मग त्यांना एक जुना अभ्यास सांगितला. 1978 मध्ये फिलिप ब्रिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉटरीत मोठी रक्कम लागलेल्या 22 जणांना विचारलं होतं, की मित्राशी गप्पा मारणं, विनोद ऐकणं, मासिक वाचणं यात तुम्हाला किती मजा येते? लॉटरी न लागलेल्यांपेक्षा या मंडळींना ती कमी येत होती. अभ्यास छोटाच आहे, त्यावर फार मोठा इमला बांधू नये. पण खजील झालेल्या माणसाला तो धीर देतो. सवयीच्या गोष्टींची दखल घेणं मन सोडून देतं. मनगटावरचं घड्याळ दिवसभर जाणवत नाही तसं. आणि तसं होतं ते बरंच आहे, नाहीतर सदऱ्याच्या कॉलरपायी कुणाला काही काम सुचलं नसतं.

इथवर ठीक होतं. पुढे मी चुकले. रोज रात्री दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी वहीत लिहा, असं सांगितलं. अनेकांना याचा उपयोग होतो. पुढच्या भेटीत त्यांनी वही उघडून दाखवली. पहिल्या रात्री: घर, नोकरी, तब्येत. दुसऱ्या रात्री क्रम बदलून तेच. चौथ्या रात्रीपासून "वरीलप्रमाणे". खाली तारखा आणि सही. मला हसू आवरेना, पण त्यांना वाईट वाटलं होतं. आपल्याला आनंद होत नाही याचा लेखी पुरावाच माझ्यामुळे त्यांच्या हाती लागला होता.

वही बाजूला ठेवली आणि म्हटलं, "घराच्या किल्लीचं चित्र काढा. खिशातून बाहेर न काढता."

"त्यात काय?" म्हणत त्यांनी पेन्सिल घेतली. गोल डोकं काढलं, दांडी काढली आणि दातांपाशी अडले. तीन की चार? वरच्या बाजूला की खालच्या? यात त्यांचं काही विशेष नव्हतं. 1979 मध्ये निकर्सन आणि अ‍ॅडम्स यांनी अमेरिकेत लोकांना रोजच्या हाताळणीतलं एक सेंटचं नाणं आठवणीतून काढायला लावलं होतं, तेव्हा बहुतेकांची अशीच तारांबळ उडाली. गोष्ट ओळखण्यापुरतं जेवढं लागतं तेवढंच आपण ठेवतो.

मग किल्ली काढून कागदावर ठेवली. डोकं गोल नव्हतंच, षटकोनी होतं. दात पाच. चूक काढायची त्यांच्या डोळ्यांना सवय, त्यामुळे ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "इथं अंगठा बसतो तेवढं झिजलंय. हिची जोडीची किल्ली कपाटात पडून आहे, ती अजून कोरी असणार." घरी जाऊन दोन्ही शेजारी ठेवून बघणार होते. मी काहीच सांगितलं नव्हतं.

गृहपाठ मग एवढाच दिला: दिवसाला एक वस्तू किंवा एक कोपरा, पाच मिनिटं. काय दिसलं ते लिहायचं. बरं वाटलं का, हे मात्र लिहायचं नाही. हा नियम मी आता सगळ्यांनाच घालते. झोप आली का म्हणून तपासत बसलं की ती पळते, आनंदाचं फार वेगळं नाही.

आठवड्याभरात वही बदलली. जिन्याचा कठडा वळणावर आतल्या बाजूनं गुळगुळीत आहे आणि बाहेरच्या बाजूनं खरखरीत, कारण प्रत्येक जण वळताना आतूनच हात टाकतो. पाचव्या पायरीचा दगड वेगळा आहे, कधीतरी बदललेला. दुपारी भिंतीवर उन्हाचा जो तुकडा पडतो तो खिडकीसारखा चौकोनी नसून तिरका असतो, आणि रोज थोडा सरकतो. हे सगळं त्यांनी ऑडिटच्या भाषेतच लिहिलं होतं. एका ओळीपुढे मात्र, "11 वर्षं याच जिन्यानं जातोय!!" अशी दोन उद्गारचिन्हं होती.

तिसऱ्या आठवड्यात गाडी रुळावरून घसरली. मोबाइलवर दिवसाला चाळीस-पन्नास फोटो, त्यांचे फोल्डर, फोल्डरना क्रमांक. आणि पुन्हा कंटाळा. लिंडा हेन्केल यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, संग्रहालयातल्या वस्तूंचे नुसते फोटो काढणाऱ्यांना त्यांचे तपशील कमी आठवले. एखाद्याच भागावर झूम करणाऱ्यांचं मात्र तसं झालं नाही. आम्ही फोटो बंद केले, पेन्सिल परत आणली. चित्र वाईट आलं तरी चालतं, डोळे वस्तूवर राहतात.

एकदा त्यांनी थेट विचारलं, "मोठं काही जमलं नाही, म्हणून कठड्यात समाधान मानायचं, असं तर नाही ना हे?" प्रश्न रास्त आहे. घरात कुणी छळत असेल किंवा कामावर अपमान होत असेल, तर कठडे बघत बसा असं मी कधीच सांगणार नाही. तिथे परिस्थितीलाच हात घालावा लागतो. यांचाही नोकरीतला कंटाळा गेलेला नाही. त्यावर आमचं वेगळं बोलणं चालू आहे आणि ते बरंच अवघड आहे.

गेल्या भेटीत ते त्याबद्दलच बोलत होते. बोलता बोलता थांबले आणि माझ्या डोक्यावरच्या भिंतीकडे बघू लागले.

"तुमच्या घड्याळाचा सेकंदकाटा नवापाशी चढताना अडखळतो. दोनदा थरथरतो, मग पुढे जातो. सेल संपत आलाय."

त्या खोलीत मी कितीतरी वर्षं बसते आहे. वळून पाहिलं, तर खरंच अडखळत होता. आम्ही दोघांनी त्याच्या तीन फेऱ्या पाहिल्या आणि पुन्हा नोकरीवर आलो. नवा सेल मी त्याच संध्याकाळी आणला. तो अजून टेबलाच्या खणातच आहे.