ओव्हन नाही, अंडं नको, आणि बाबांना पत्ताही लागता कामा नये

प्रश्न असा आहे: बाबांचा साठावा वाढदिवस, घरात ओव्हन नाही, ते अंडं खात नाहीत, थोडी शुगर आहे, आणि विकतच्या क्रीमच्या केकला नाक मुरडतात. गुपचूप काय करावं?

माझ्या बाबांचं हुबेहूब हेच वर्णन आहे, म्हणून लिहिते.

केकचा नाद सोडा आणि धोंडस करा. गोव्यात आणि तळकोकणात याला तवसाळी म्हणतात. तांदळाचा रवा, काकडी, गूळ, ओलं खोबरं. अंडं नाही, मैदा नाही, सोडासुद्धा नाही. आणि हा पदार्थ मुळातच ओव्हनशिवाय भाजायचा: पातेलं चुलीवर, झाकणावर निखारे, म्हणजे खालून-वरून सारखी आच. तुमचे बाबा घाटावरचे असतील तर त्यांच्या लहानपणीचं असंच काहीतरी त्यांच्या बहिणीला विचारा. पण धोंडस कुणालाही आवडतो असा माझा अनुभव आहे.

आधी तारखेचं बघा. आमच्या बाबांचा कागदोपत्री वाढदिवस १ जून. त्या पिढीत निम्मा गाव १ जूनलाच जन्मलेला असतो, कारण शाळेत नाव घालताना जन्मतारीख माहीत नसली की गुरुजी तीच टाकून मोकळे व्हायचे. खरा दिवस आत्याला माहीत होता: गोपाळकाला. बाबा स्वतः तो कधीच धरत नसत, त्यामुळे त्यांना कसलाही संशय येण्याचा प्रश्न नव्हता. शिवाय श्रावणात कोकणात तवशी, म्हणजे मोठ्या काकड्या, यायला लागतात. (तुमची तारीख श्रावणी सोमवारी किंवा चतुर्थीला येत नाही ना, तेही बघा. उपासाच्या दिवशी धोंडस समोर ठेवणं म्हणजे छळ.)

माप आत्याने अंदाजपंचे सांगितलं होतं, मी दोनदा करून पक्कं केलं. जाडसर तांदळाचा रवा १ वाटी, इडली रवाही चालतो. काकडीचा कीस २ वाट्या, सुटलेल्या पाण्यासकट. गूळ पाऊण वाटी, ओलं खोबरं अर्धी वाटी, तूप ३ चमचे, वेलची, चिमूटभर मीठ आणि रंगापुरती हळद. काजू असतील तर घाला.

काकडी किसण्याआधी चाखा, आणि एकेक काकडी चाखा. पहिल्या खेपेला मी तीनपैकी दोनच चाखल्या, तिसरी कडू निघाली आणि सगळं पातेलं टाकावं लागलं. टोक कापून चोळल्याने जिभेचं समाधान होत असेल, पण कडू काकडी शिजवून गोड होत नाही. जास्त कडू असेल तर पोटालाही बाधते. सरळ फेकून द्या.

रवा तुपावर मंद आचेवर खमंग भाजा, तांबूस नको. दुसरीकडे काकडी, गूळ, खोबरं, मीठ, हळद एकत्र करून उकळी आणा. गूळ पडला की काकडीला आणखी पाणी सुटतं, त्या पाण्यातच रवा शिजायचा असतो. आत्याची ताकीद होती, "वरून पाणी घातलंस तर तो शिरा, धोंडस नव्हे." रवा घालून झाकण ठेवा, दोन वाफा येऊ द्या. गोळा पातेल्याच्या कडा सोडायला लागला की वेलची-काजू घाला.

आता भाजणं. जाड कढईत वाटीभर मीठ पसरा, त्यावर स्टँड ठेवा आणि झाकून १० मिनिटं तापवा. डब्याला तूप लावून तळाशी हळदीचं पान घाला, मिश्रण दाबून बसवा, आणि मंद आचेवर ४५ ते ५० मिनिटं ठेवा. लोक कुकर वापरतात. मला पाण्याशिवाय कुकर तापवायचं धाडस होत नाही. वरचा भाग मात्र पांढराफटकच राहतो, कारण निखारे नाहीत. त्यावर माझा उपाय म्हणजे शेवटच्या १५ मिनिटांत दुसऱ्या शेगडीवर लोखंडी तवा कडकडीत तापवून तो झाकण म्हणून कढईवर ठेवायचा. दोनदा गरम करून ठेवला की वर सोनेरी रंग धरतो. तवा उचलताना जाड फडकं घ्या.

सुरी घालून बघा, कोरडी आली की झालं. मग हात लावू नका. गरम कापलात तर भुगा होईल. पूर्ण गार झाल्यावर, खरं तर दुसऱ्या दिवशी, तो घट्ट बसतो आणि चवीलाही जास्त चांगला लागतो. गुपचूप करणाऱ्याच्या हे पथ्यावरच पडतं.

खरी अडचण वासाची. भाजलेला रवा, तूप, हळदीचं पान, वेलची: दोन मजले खालपर्यंत कळतं की कुणाकडे तरी काहीतरी चाललंय. आमच्या डोंबिवलीच्या दोन खोल्यांत ते लपवणं अशक्यच होतं, म्हणून मी शेजारच्या काकूंच्या स्वयंपाकघरात मुक्काम टाकला. बाबांना सांगितलं, काकूंना मोबाइल शिकवायला चाललेय. तासाभराने ते गॅलरीतून म्हणाले, "काकूंकडे आज काय आहे गं, वास सुंदर येतोय." काकूंनी आतूनच "रव्याचे लाडू!" असं ठोकून दिलं.

शुगरबद्दल एकच सांगते. गूळ म्हणजे पथ्याचा, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका, शुगर त्यानेही वाढतेच. धोंडस अगोड करण्यापेक्षा तुकडा लहान करा आणि त्या दिवशी जेवणातला भात कमी वाढा. गूळ अर्ध्यावर आणला की तो नीट बसतही नाही आणि बाबांच्या लगेच लक्षात येतं.

आणखी एक, हे मात्र कुठल्या पाककृतीत मिळणार नाही. केकसारखा नीटनेटका दिसावा म्हणून मी धोंडसाच्या करपट कडा आणि तळाची काळपट खरवड सुरीने काढून टाकली, वर बदामाचे काप लावले, मेणबत्तीही खोचली. बाबांनी पहिला घास घेतला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग ताटली फिरवून फिरवून बघितली आणि विचारलं, "खरवड कुठाय? आम्ही भावंडं त्यासाठी भांडायचो."

ती मी आणि काकूंनी आदल्या रात्रीच चहाबरोबर संपवली होती.