भाऊ वेल्डर आहे, त्याला कॅनडा घेईल का?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. भाऊ चाकणला बारा वर्षं वेल्डिंग करतोय, आयटीआय झालेला, वय ३४, बायको आणि दोन मुलं, तीन एजंटांनी तीन वेगळी उत्तरं दिली, तिकडे सोसायटीतल्या आयटीवाल्या पोराला कॅनडाचा पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, मिळाला आणि ओळखीतल्या बिल्डरच्या घरात तर अमेरिकेचं ग्रीन कार्ड आलं, मग हे देश फक्त श्रीमंतांनाच घेतात का, असं तुम्ही विचारलंय. नाही, फक्त श्रीमंतांना नाही घेत. पण भावाच्या हातात जे काम आहे ते तिकडच्या ऑफिसरला दिसत नाही, त्याला कागद दिसतो, आणि तो कागद तयार करायला पैसा लागतो, इंग्रजी लागतं आणि कंपनीने पक्क्या नोकरीवर ठेवलेलं असावं लागतं. मी बरीच वर्षं कॅनडात, ऑंटारिओ प्रांतात आहे, इकडे येऊ बघणाऱ्या अनेकांचे फॉर्म नजरेखालून गेलेत, म्हणून आकडे धरूनच सांगतो.

आधी बिल्डरचं बघू, कारण ते सोपंय. अमेरिकेत पैसे गुंतवून ग्रीन कार्ड मिळवायचा ईबी-५ नावाचा रस्ता १९९० पासून आहे. ग्रामीण किंवा जास्त बेकारीच्या भागातल्या प्रोजेक्टमध्ये ८ लाख डॉलर गुंतवायचे, इतर ठिकाणी साडेदहा लाख, आणि त्यातून दहा जणांना काम मिळालं पाहिजे. ८ लाख डॉलर म्हणजे सात कोटी रुपये धरा. यात शिक्षण विचारत नाहीत, इंग्रजी विचारत नाहीत, पैसा सरळ मार्गाने आला का एवढं मात्र बारकाईने बघतात. आता याच्या शेजारी पुण्यातून एच-१बी वर, म्हणजे कंपनीने काढलेल्या नोकरीच्या व्हिसावर, गेलेला इंजिनिअर ठेवा. एका देशाला ७ टक्क्यांच्या वर ग्रीन कार्ड नाहीत हा तिथला नियम, त्यामुळे भारतीयांची रांग दहा वर्षांच्या पुढे गेलीये, कितीतरी लोकांची मुलं त्या रांगेतच मोठी झाली. ईबी-५ मध्ये ग्रामीण प्रोजेक्टसाठी राखीव कोटा आहे, तिथे रांग नाही, म्हणून रांगेतलेच काही इंजिनिअर आईवडिलांची जमीन विकून ईबी-५ कडे वळतात. म्हणजे हुशारी असूनही शेवटी पैसाच पुढे काढतो. सप्टेंबर २०२५ मध्ये तर ट्रम्पने एकाच दिवशी दोन आदेश काढले, १० लाख डॉलर दिले की गोल्ड कार्ड, आणि बाहेरून आणायच्या नव्या एच-१बी माणसासाठी कंपनीला १ लाख डॉलर फी. मला हे मनापासून चुकीचं वाटतं.

कॅनडाने गुंतवणूकदारांची केंद्र सरकारची योजना २०१४ ला बंद केली. म्हणून लोक म्हणतात की इथे गुणांवर घेतात. ते खरंही आहे, आणि त्याचं मोल कमी करू नका. १९०८ मध्ये याच देशाने नियम केला होता की भारतातून येणाऱ्याकडे २०० डॉलर पाहिजेत आणि बोट मधे कुठेही न बदलता थेट आली पाहिजे, आणि भारतातून थेट बोट तर येतच नव्हती. १९१४ ला कोमागाता मारू नावाचं जहाज ३७६ प्रवासी घेऊन व्हँकुव्हरला आलं, त्यातले मोजकेच उतरू दिले आणि बाकीच्यांना दोन महिने बंदरात ठेवून परत पाठवलं. चिनी माणसाला तर आत यायलाच कर होता, १९०३ पासून ५०० डॉलर, आणि व्यापाऱ्यांना त्यातून सूट. मजूर नको, व्यापारी चालेल, हे तेव्हापासूनचं. १९६७ ला पॉइंट सिस्टम आली तेव्हा वंश आणि देश बघणं थांबलं, आणि आपल्यासारख्यांना दार उघडलं ते त्यानंतर.

पण पॉइंट कशाला आहेत ते बघा. भावासाठी फेडरल स्किल्ड वर्करचा, म्हणजे कुशल कामगारांच्या केंद्रीय योजनेचा हिशोब करू, इथे १०० पैकी ६७ लागतात. वय ३४, त्याचे १२. सहा वर्षांच्या वर अनुभव, त्याचे १५. आयटीआयचा वेल्डर ट्रेड एक वर्षाचा, मूल्यांकनात (इथलं शिक्षण कॅनडातल्या कशाच्या बरोबरीचं ते ठरवतात त्यात) तो एक वर्षाचं सर्टिफिकेट म्हणून धरला गेला तर १५, आणि नुसती शाळाच धरली तर ५. चांगलं धरून चालू, झाले ४२. आता इंग्रजी. आयल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं या सगळ्या भागांत ६ बँड आले तर १६ पॉइंट, एकूण ५८, म्हणजे नापास. ऐकण्यात ८ आणि बाकी सगळ्यात ७ आले तर २४, एकूण ६६. एका पॉइंटने गेलं! झेडपीच्या मराठी शाळेत शिकलेला पोरगा, दिवसभर शॉपफ्लोअरवर मराठी-हिंदी बोलणारा, त्याने इतके बँड आणायचे आणि तरी एकाने पडायचं. शेजारच्या आयटीवाल्याला डिग्रीचे २१ आधीच खिशात, इंग्रजी तो रोज कॉलवर बोलतो. तो भावापेक्षा जास्त कष्टाळू आहे असं काही नाही, त्याच्या घरच्यांना त्याची फी भरणं जमलं.

म्हणून वहिनींना परीक्षेला बसवा. हे एजंट सांगत नाहीत. वहिनींना साधारण ४ बँड आले, ऐकण्यात साडेचार, तर त्याचे ५ पॉइंट मिळतात. मग भावाला ऐकण्यात साडेसात आणि बाकी साडेसहा पुरतात, त्याचे २०, आणि बेरीज बरोबर ६७. सख्खं भावंडं, काका, मामा, आत्या, मावशी, पुतण्या, भाचा असं कुणी कॅनडात पीआर किंवा नागरिक असेल तरी ५ मिळतात. एकदा इथे पास झाला की मग एक्स्प्रेस एंट्रीची, म्हणजे पास झालेल्यांतून वरचे निवडायची, दुसरी रँकिंग लागते, तिथे वयाचे पॉइंट २९ नंतर दरवर्षी खाली जातात आणि ४५ ला शून्य होतात, म्हणून उगाच वर्षं घालवू नका. वेल्डरसाठी चांगली गोष्ट एवढीच की २०२३ पासून ट्रेडवाल्यांचे वेगळे ड्रॉ, म्हणजे निवडीच्या फेऱ्या, निघायला लागले, आणि कॅनडातल्या एखाद्या प्रांताचं नॉमिनेशन, म्हणजे शिफारस, मिळालं तर या रँकिंगमध्ये ६०० पॉइंट येतात.

कागदाचं अजून एक. अनुभव दाखवायला कंपनीच्या लेटरहेडवर पत्र लागतं, त्यात काम काय, आठवड्याचे तास किती, पगार किती, सगळं लिहून. चाकण-भोसरीत निम्मी पोरं ठेकेदाराकडे, पगार कधी रोख कधी खात्यात, आणि ठेकेदार पत्र द्यायला का कू करतो. मी दहा वर्षं टिग वेल्डिंग मारलेल्या माणसाची फाईल बघितलीये, त्याला दोनच वर्षांचा पुरावा जमला. भावाचे पीएफचे रेकॉर्ड, पगाराच्या पावत्या, बँकेचे स्टेटमेंट आजपासून गोळा करा, जुन्या कंपनीतला सुपरवायझर सुटायच्या आत पत्र घ्या.

आणि मग पैसा, तो इथेही सुटत नाहीच. सेटलमेंट फंड, म्हणजे तिकडे जाऊन बस्तान बसवायचे पैसे, म्हणून २०२५ च्या यादीप्रमाणे चौघांच्या कुटुंबाला २८,३६२ कॅनेडियन डॉलर खात्यात दाखवावे लागतात, म्हणजे सतरा-अठरा लाख. उसने आणलेले चालत नाहीत, आणि सहा महिन्यांची सरासरी शिल्लक बघतात. गावाकडची शेती, पुण्यातला फ्लॅट, यांची किंमत धरत नाहीत. दोन एकर बागायत असलेला माणूस इथे रिकाम्या हाताचा ठरतो, याचा लोकांना मोठा धक्का बसतो. शिवाय नवरा-बायकोची सरकारी फीच तीन हजार डॉलरच्या वर, मुलांची वेगळी, परीक्षा, मूल्यांकन आणि मेडिकल वेगळं.

बाकी देशांचं थोडक्यात सांगतो. ब्रिटनने स्किल्ड वर्करला पगाराची अट २०२४ ला ३८,७०० पौंड केली आणि २०२५ ला ४१,७०० वर नेली, तिथल्या नागरिकाला किंवा कायम राहणाऱ्याला बायकोला बोलवायचं तरी २९,००० पौंडाचं उत्पन्न लागतं. जर्मनीत हातकामाला मान आहे, महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवायचा करारही केलाय, पण नोकरी शोधायला जाण्याचं जे कार्ड आहे त्याला किमान दोन वर्षांचं शिक्षण लागतं, भावाचा एक वर्षाचा ट्रेड तिथे अडकतो. फिटर असता तर ही अट तरी पार पडली असती. आखातात वेल्डरला उद्या व्हिसा मिळेल, वीस वर्षं काम करता येईल, पण साठीला परत यायचंच, तिथे कामाला घेतात, राहायला घेत नाहीत. आणि आपलं सरकारही निवड करतंच की, दहावी नापास माणसाच्या पासपोर्टवर ईसीआर (परदेशी कामाला जाण्याआधी तपासणी आवश्यक) शिक्का असतो, आखातात कामाला जायला वेगळी परवानगी लागते, पण तोच माणूस इन्कम टॅक्स भरत असेल तर शिक्का निघतो.

एजंट 'जॉब ऑफर मिळवून देतो, आठ लाख द्या' म्हणाला तर उठून या. रँकिंगमधले नोकरीचे पॉइंट मार्च २०२५ मध्ये काढून टाकलेत, ते अशाच विकत घेतलेल्या ऑफरमुळे. सल्लागार घ्यायचाच असेल तर कॅनडाच्या सल्लागारांच्या सरकारमान्य 'कॉलेज'च्या (हे शिकायचं कॉलेज नाही, सल्लागारांवर देखरेख करणारी संस्था आहे) यादीत त्याचा लायसन्स नंबर स्वतः शोधा, त्याच्या व्हिजिटिंग कार्डवर भरवसा ठेवू नका.

माझ्या मते क्रम असा ठेवा, आधी दोघांचं इंग्रजी, सहा महिने रोज, क्लास नाही परवडला तरी मोबाईलवर ऐकणं-बोलणं सुरू करा, मग आयटीआयच्या सर्टिफिकेटचं मूल्यांकन, तोपर्यंत अनुभवाची पत्रं. त्या मूल्यांकनात १५ मिळतायत की ५ हे कळेपर्यंत एकाही एजंटला पैसे देऊ नका. ५ च आले तर हा रस्ता बंद आहे असं समजून भावाला दुसरं काहीतरी बघावं लागेल. मूल्यांकन आलं की इथे टाका, मी बघून सांगतो.