ओला कचरा, पाला आणि विसर्जन: पुणेकर वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक ओल्या कचऱ्याबद्दलची आहेत, म्हणून सर्वांत जास्त जागा त्याच प्रश्नाला दिली आहे.

प्रश्न: कोथरूडमध्ये आमची ६० सदनिकांची सोसायटी आहे. आवारात विटांचे दोन खड्डे बांधून ओला कचरा जिरवतो. पावसाळा लागला की असह्य वास येतो, अळ्या होतात, आणि दर वार्षिक सभेत खड्डे बुजवून कचरा गाडीत देण्याचा ठराव पुढे येतो. काय करावं?

उत्तर: ठराव होऊ देऊ नका. तुमच्या वर्णनावरून खत होण्याची प्रक्रिया बिघडलेली नाही, तिला हवा मिळत नाही इतकंच. भाजीच्या देठांत आणि फळांच्या सालींत वजनाच्या ८० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. नुसता ओला कचरा बंद खड्ड्यात साठवला की तो स्वतःच्याच पाण्यात बुडतो. मग हवेवर जगणारे जिवाणू मरतात आणि हवेविना कुजवणारे वाढतात. सडक्या अंड्यासारखा वास त्यांच्यामुळे येतो. वास नाकाला झोंबणारा, अमोनियाचा असेल तर हवा ठीक आहे, पण कोरडा माल कमी पडतोय असं समजा.

दोन्हींवर पहिला उपाय एकच, वाळका पाला. १० किलो ओल्या कचऱ्याला २ ते ३ किलो चुरलेला पाला लागतो, पावसाळ्यात पूर्ण ३ किलो. रोज वजन करणं जमत नसेल तर एक बादली ओला कचरा आणि एक बादली चुरलेला पाला हे माप पाळा. अख्खी पानं एकमेकांना चिकटून थर धरतात आणि हवा अडवतात, म्हणून चुरणं महत्त्वाचं. हाताने किंवा पोत्यात घालून पायाने तुडवून चुरा केला तरी चालतो. मिश्रण मुठीत दाबून पाहा: बोटांच्या फटीतून एक-दोन थेंब आले तर ओल बरोबर, धार लागली तर पाला वाढवा, काहीच आलं नाही तर पाणी शिंपडा.

दुसरी अडचण बांधकामाची आहे. जमिनीत खोल आणि चारी बाजूंनी गिलावा केलेले खड्डे खतासाठी निरुपयोगी असतात. जमिनीवर, विटांमध्ये फटी ठेवून बांधलेले किंवा लोखंडी चौकटीला जाळी लावलेले हौद हवेत. अंदाजे हिशोब असा: चार माणसांच्या घरातून दिवसाला पाऊण ते एक किलो ओला कचरा निघतो. ६० घरांचे ५० किलो धरू. ४ फूट लांब, ३ फूट रुंद आणि ३ फूट उंच हौद रोजच्या भरण्याने, कचरा दबत-दबत, दहा-अकरा दिवसांत भरतो. असे सहा हौद असतील तर सहावा भरेपर्यंत पहिल्याला ५० दिवसांहून जास्त मिळतात आणि तो रिकामा करायला तयार होतो. दोन हौदांत हे कधीच बसणार नव्हतं. अर्धवट कुजलेल्यावर रोज ताजा कचरा पडत गेला आणि खालचा थर गुदमरला.

तळाशी अर्धा फूट काटक्या आणि नारळाच्या शेंड्यांचा थर द्या. फरशीला हलका उतार देऊन निचऱ्याचं पाणी एका बादलीत जमवा. ते गटारात सोडू नका, कोरडेपणा जाणवेल त्या हौदावर परत शिंपडा. वर पत्र्याचं छप्पर हवंच, पावसाचं पाणी आत आलं तर बाकी सगळी काळजी वाया जाते. मधोमध भोकं पाडलेला ४ इंची पीव्हीसी पाइप उभा केला तर आतवर हवा जाते.

ढीग तापतो आहे का, हे पाहण्यासाठी लोखंडी सळई मध्यापर्यंत खुपसून दहा मिनिटांनी बाहेर काढा. हातात धरवत नसेल तर आतलं तापमान ५५ अंशांच्या वर आहे. या उष्णतेने माशांची अंडी, तणांचं बी आणि रोगजंतू मरतात. आठ-दहा दिवसांनी सळई कोमट लागू लागली की हौदातला माल खालीवर करा, हवा लागली की तो पुन्हा तापतो. सुरुवातीला विरजण म्हणून आधीचं तयार खत दहा भागांत एक भाग मिसळलं तरी पुरतं. बाजारातल्या महागड्या जिवाणू-भुकट्यांवर दर महिन्याला पैसे घालवायची गरज नाही.

अळ्यांबद्दल: जाड, करड्या, खंडांच्या अळ्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या असतात. ही माशी चावत नाही, घरात घुसत नाही, आणि तिच्या अळ्या कचरा झपाट्याने खातात. त्यांचं प्रमाण फार वाढलं म्हणजे मिश्रण जास्त ओलं आहे. कीटकनाशक मुळीच फवारू नका, त्याने खत करणारे जीवही मरतात. रोजच्या कचऱ्यावर दोन इंच पाल्याचं पांघरूण घातलं की माशांना अंडी घालायला उघडा थर सापडत नाही. उंदीर-घुशींसाठी अर्धा इंच भोकांची जस्ती जाळी तळाला आणि बाजूंना लावा. हाडं, करवंट्या, आंब्याच्या कोयी आणि तेलकट रस्सा या हौदांत टाकू नका.

आणखी एक गोष्ट, जी सभेत बोलायला कुणी तयार नसतं. साठ घरांचं हे काम रोज तास-दीड तासाचं आहे. ते झाडलोट करणाऱ्या मावशींच्या गळ्यात फुकट घातलं तर प्रकल्प मरतो. त्या वेळेचा वेगळा पगार, रबरी हातमोजे, गमबूट आणि लांब दांड्याचा पंजा द्या. फसलेल्या बहुतेक प्रकल्पांचं खरं कारण इथे असतं.

गाडीत देण्याच्या ठरावाबद्दलही सांगायला हवं. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या हद्दीत ओतला गेला. ढिगांतून झिरपलेल्या काळ्या पाण्याने तिथल्या विहिरी नासल्या, गावकऱ्यांनी अनेकदा गाड्या अडवल्या. ते काळं पाणी प्लास्टिकमधून येत नाही, तुमच्या-आमच्या स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यातून येतं. तो आवारात जिरला तर शेजारच्या गावाचं पाणी वाचतं. सभेत हा मुद्दा आधी मांडा.

प्रश्न: एका विक्रेत्याने '२४ तासांत खत' देणारं विजेचं यंत्र दाखवलं. घ्यावं का? (बाणेर)

उत्तर: चोवीस तासांत खत होत नाही. ही यंत्रं कचरा कापतात, तापवतात आणि वाळवतात. बाहेर येणारा तपकिरी भुसा दिसायला खतासारखा असला तरी तो न कुजलेला, वाळलेला कचरा असतो. कुंडीत घालून पाणी दिलं की तो तिथेच कुजायला लागतो, तापतो, बुरशी धरतो आणि मुळं जाळतो. यंत्र घ्यायचंच असेल तर कापणारं घ्या. तुकडे लहान झाले की कुजणं लवकर होतं. पण वाळवणीच्या यंत्रातून निघालेला माल पुढे चार-पाच आठवडे हौदात ठेवावाच लागतो. म्हणजे जागा लागतेच, वर विजेचं बिल.

कुठलंही खत पिकलं की नाही हे तपासायला मूठभर ओलसर खत प्लास्टिकच्या पिशवीत तीन दिवस घट्ट बांधून ठेवा. उघडल्यावर ओल्या मातीचा वास आला तर तयार, आंबूस आला तर नाही. मग खत आणि माती सारखी मिसळून त्यात मेथी पेरा. साध्या मातीतल्या मेथीइतकी उगवली तर निर्धास्त वापरा.

प्रश्न: 'स्वच्छ'च्या ताईंना आम्ही ओला-सुका वेगळा देतो, तरी त्या पुन्हा निवडत बसतात. आमचं काय चुकतं? (सिंहगड रस्ता)

उत्तर: कचरावेचकांची संघटना असलेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून (स्थापना १९९३) 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ पासून ती महापालिकेबरोबर दारोदार कचरा गोळा करते. सभासदांची कमाई दोन ठिकाणांहून येते: घरोघरचं मासिक शुल्क आणि सुक्या मालाची विक्री. तुमचा सुका कचरा भंगारात विकला जातो, म्हणून त्याच्या अवस्थेवर त्यांचं उत्पन्न ठरतं. दुधाची पिशवी धुऊन वाळवलेली असेल तर तिला भाव येतो. तीच दुधासकट दिली तर ती आंबते आणि शेजारचा कागदही नासवते. पिझ्झाचं तेलकट खोकं रद्दीत चालत नाही. पिशवीचा कोपरा कापताना तो पूर्ण तोडून वेगळा करू नका, लटकता ठेवा. एवढासा तुकडा कुणालाच वेचता येत नाही आणि थेट ढिगात जातो.

सॅनिटरी पॅड आणि डायपर सुक्यात टाकणं ही सगळ्यांत वाईट सवय. ते वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा आणि वेगळे द्या. लाल ठिपक्याची ही पद्धत पुण्यात याच वेचक महिलांच्या आग्रहाने रुजली, कारण उघडे पॅड त्यांना हातांनी वेगळे करावे लागत. फुटकी काच जाड पुठ्ठ्यात बांधून वर 'काच' लिहा. औषधं, सेल आणि ट्यूबलाइट वेगळ्या पिशवीत. जुनी गादी, लाकडी सामान, कपडे रस्त्याच्या कडेला ठेवू नका. मोठ्या वस्तूंसाठी 'स्वच्छ'ची 'वी-कलेक्ट' सेवा आहे.

प्रश्न: घरची प्लास्टरची मूर्ती अमोनियम बायकार्बोनेटमध्ये विसर्जित केली. आठवडा झाला तरी निम्मी तशीच आहे. उरलेलं पाणी झाडांना घातलं तर दोन कुंड्या सुकल्या. (औंध)

उत्तर: आधी रसायन समजून घेऊ. प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्याशी मिळून जिप्सम होतं आणि जिप्सम लिटरभर पाण्यात जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळतं. म्हणून मूर्ती नदीत वर्षभर तशीच पडून राहते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने सुचवलेल्या पद्धतीत अमोनियम बायकार्बोनेट जिप्समशी क्रिया करतं, त्यातून खडूची पांढरी पूड आणि अमोनियम सल्फेट तयार होतं, आणि कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे निघतात.

निम्मी मूर्ती उरली याचं कारण बहुधा कमी पडलेली बायकार्बोनेटची पूड आहे. मूर्तीच्या वजनाइतकी पूड लागतेच, म्हणजे ३ किलोच्या मूर्तीला ३ किलो. पाणीही पुरेसं हवं. ही पूड एका लिटरमध्ये साधारण २०० ग्रॅमच विरघळते, तेव्हा ३ किलोला किमान १५ लिटर, २० असेल तर उत्तम. दुसरं कारण रंग. तैलरंगाचा थर पाणी आत जाऊ देत नाही. विसर्जनाची उत्तरपूजा झाल्यावर मूर्तीच्या पाठीमागे आणि तळाला खिळ्याने ओरखडे पाडा. तांब्या-पितळेचं भांडं वापरू नका, अमोनियाने ते खराब होतं. प्लास्टिकची बादली घ्या. बाल्कनीत किंवा गच्चीवर ठेवा, झाकण घट्ट लावू नका आणि दिवसातून तीन-चार वेळा लाकडी काठीने ढवळा. लहान मूर्ती दोन-तीन दिवसांत विरते, जाड तळाला जास्त वेळ लागतो. खायचा सोडा हा याला पर्याय नाही. त्यातलं सोडियम मातीत साठून ती बिघडवतं. कापड, मणी आणि फुलं आधीच काढा. निर्माल्य खताच्या हौदात.

कुंड्या का सुकल्या? ३ किलो मूर्तीपासून सव्वादोन किलोच्या आसपास अमोनियम सल्फेट तयार होतं. ते २० लिटरमध्ये असेल तर लिटरला ११० ग्रॅमहून जास्त खत झालं. कुंडीला लिटरमागे एखादा ग्रॅम पुरतो. म्हणून १५ लिटर साध्या पाण्यात एक वाटी, म्हणजे दीडशे मिलिलिटर द्रव घालून पंधरा दिवसांतून एकदा द्या. रंगांत काय असतं याची खात्री नसते, तेव्हा पालेभाज्यांना घालू नका. पुढच्या वर्षी शाडूची मूर्ती आणलीत तर हे सगळं टळेल, ती साध्या पाण्यात काही तासांत विरघळते आणि माती पुन्हा वापरता येते.

प्रश्न: शेजारच्या मैदानात रोज पहाटे वाळका पाला जाळतात. (सहकारनगर)

उत्तर: राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यावर ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणात जाळण्यावर २५,००० रुपये भरपाई ठरवली. छायाचित्र, ठिकाण आणि वेळ देऊन क्षेत्रीय कार्यालयात तक्रार करा. पण झाडणाऱ्याला पाला टाकायला जागा नसेल तर तो उद्या पुन्हा पेटवेल. मैदानाच्या कोपऱ्यात जाळीचा एक गोल उभा करून द्या. 'ब्राउन लीफ' हा २०१६ पासूनचा पुण्याचा उपक्रम पाला असणाऱ्यांची आणि तो हवा असणाऱ्यांची गाठ घालून देतो. फेब्रुवारी ते एप्रिलच्या पानगळीतला पाला पोत्यांत कोरडा भरून ठेवला तर कोथरूडच्या वरच्या वाचकांसारख्यांचा पावसाळा निभावतो.

प्रश्न: गांडूळ खत आणि सौर यंत्रणा दोन्ही असेल तर मिळकतकरात किती सूट? (वारजे)

उत्तर: पुणे महापालिका सर्वसाधारण करात एका प्रकल्पाला ५ टक्के, दोन किंवा अधिक असल्यास १० टक्के सूट देते. ही सूट एकूण बिलावर नसते, त्यामुळे आकडा अपेक्षेपेक्षा लहान दिसेल. पाहणीत प्रकल्प बंद आढळला तर सवलत काढली जाते, म्हणून रोज किती कचरा घातला आणि किती खत निघालं याची वही ठेवा.