वाचकांचे प्रश्न : केस शिकवताना गटांची चढाओढ

प्रश्न : मी वैद्यकीय महाविद्यालयात शिकवते. केसवर, म्हणजे एखाद्या रुग्णाच्या हकिगतीवर, चर्चा घेताना वर्ग गप्प बसत असे, म्हणून मी विद्यार्थ्यांचे सहा गट पाडले आणि जो गट सर्वांत आधी अचूक निदान सांगेल त्याला गुण द्यायला सुरुवात केली. वर्गात जान आली. पण आता केस पूर्ण वाचून होण्याआधीच हात वर जातात आणि निदानामागचे कारण विचारले की सगळे एकमेकांकडे पाहतात. ही चढाओढ बंद करावी का?
— एक शिक्षिका

उत्तर : चढाओढ बंद करू नये, गुण कशाला द्यायचे ते बदलावे. विद्यार्थी ज्याला गुण मिळतात तेच शिकतात, आणि आपल्या नियमात गुण आहेत ते वेगाला. मनात आलेले पहिले निदान धरून बसायचे आणि पुढची चौकशी थांबवायची, ही निदान चुकण्यामागची एक नेहमीची सवय आहे. आपला नियम नकळत तिलाच बक्षीस देतो. प्रश्नमंजूषेत ते खपून जाते, कारण तिथे लागणारी माहिती प्रश्नातच दिलेली असते. रुग्ण मात्र आपली माहिती तुकड्यातुकड्यांनी सांगतो आणि काही गोष्टी तर विचारल्याशिवाय सांगतच नाही.

समजा, ५५ वर्षांचा, जुना उच्च रक्तदाब असलेला पुरुष छातीत अचानक कळ आली म्हणून दाखल झाला आहे, त्याला दरदरून घाम फुटला आहे आणि ईसीजीत हृदयाच्या खालच्या भागाचा झटका दिसतो आहे. चपळ गट ‘हार्ट अटॅक’ म्हणून मोकळा होईल आणि गुठळी विरघळवणारे औषध सुचवील. दुसरा गट मात्र कळ पाठीत जाते का हे विचारील, दोन्ही हातांचा रक्तदाब मागेल, आणि उजव्या हातात वरचा आकडा १०५ तर डाव्यात १६० आहे असे कळताच महाधमनीची भिंत चिरली असावी, म्हणजे ॲऑर्टिक डिसेक्शन असावे, या शंकेपर्यंत पोहोचेल. ही चीर उजव्या कॉरोनरी धमनीच्या, म्हणजे हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या धमनीच्या, तोंडापर्यंत गेली तर ईसीजी हार्ट अटॅकचाच वाटतो, आणि अशा रुग्णाला ते औषध दिले तर ते त्याच्या जिवावर बेतू शकते. आपल्या आजच्या नियमाने हा दुसरा गट हरण्याचीच शक्यता जास्त, कारण त्याने विचारपूस करण्यात दोन मिनिटे घालवली.

म्हणून केस तीन टप्प्यांत उघडावी. प्रत्येक टप्प्यावर गटाने १० गुण आपल्या संभाव्य निदानांत वाटून पाटीवर लिहावेत आणि सर्व पाट्या एकाच वेळी वर व्हाव्यात, म्हणजे शेजारच्या गटाचे पाहून मत बनवता येत नाही. शेवटी खऱ्या निदानावर जितके गुण लावले असतील तितके पदरात पडावेत. परंतु जे निदान निसटले तर रुग्ण दगावू शकतो, अशा निदानावर शून्य लिहिले असेल तर ५ गुण कापावेत. ही कपात ठेवली नाही तर सगळे १० गुण एकाच निदानावर लावण्याचा जुगार फायद्याचा ठरतो, आणि असली पळवाट विद्यार्थी दुसऱ्या तासालाच हुडकून काढतात. मत बदलले असेल तर कोणत्या माहितीमुळे बदलले, हे एका वाक्यात लिहून घ्यावे आणि त्याला वेगळे गुण द्यावेत. माझ्या मते सबंध तासातले मन लावून तपासण्याजोगे वाक्य तेच असते.

हे गुण अंतर्गत मूल्यमापनात मात्र धरू नयेत. धरले की अर्ध्या गुणावरून हुज्जत सुरू होते आणि रुग्ण बाजूला पडतो. आपण विचारले नाही, तरी आणखी एक सांगतो : केसमधला रुग्ण दगावला असेल तर शेवटचा टप्पा स्पर्धेबाहेर ठेवावा. आपले निदान बरोबर निघाले म्हणून मृत्यूच्या ओळीवर टाळ्या पडलेल्या मी एकदा ऐकल्या आहेत, आणि त्यात मुलांचा दोष नव्हता. तास तसा आखणाऱ्याचा होता.

प्रश्न : आमच्या आठ जणांच्या गटात एकटाच बोलतो आणि गुण सर्वांना सारखे मिळतात. यावर उपाय आहे का?
— एक विद्यार्थी

उत्तर : फ्रेंच कृषी अभियंता माक्स रिंगेलमान याने दोर ओढण्याच्या प्रयोगांत दाखवले होते की माणसे वाढतात तसा प्रत्येकाचा जोर कमी होतो, त्याचा हा अहवाल १९१३ साली प्रसिद्ध झाला. तेव्हा आधी गट पाच-सहा जणांचा करायला सांगा. दुसरा उपाय अमेरिकी प्राध्यापक लॅरी मायकेल्सन यांच्या गटाने शिकण्याच्या पद्धतीतून घेता येतो. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ओक्लाहोमा विद्यापीठात त्यांचा वर्ग ४० वरून १२० विद्यार्थ्यांवर गेला, तेव्हा त्यांनी ती बसवली. तीत छोटी चाचणी प्रत्येक जण आधी एकट्याने सोडवतो, आणि लगेच तीच चाचणी गटाने मिळून सोडवायची असते. दोन्हींचे गुण धरले जातात. त्यामुळे कोण तयारी करून आला हे लपत नाही, आणि गप्प बसणाऱ्याचे उत्तर बरोबर होते हे कळले की पुढच्या वेळी गटच त्याला विचारू लागतो. गटाच्या वतीने कोणी उत्तर द्यायचे, याची चिठ्ठी मात्र शिक्षकांनी चर्चा संपल्यावरच काढावी.